खोकला विचारणाऱ्या सबनीसबाई

सबनीसबाईंनी मला पहिल्याच दिवशी नापास केलं, आणि तेही मान हलवल्याबद्दल.

त्यांनी मला उभं केलं आणि शेजारी बसलेल्या परबांना प्रश्न विचारायला सांगितला. प्रश्न अगदी साधा होता. जेवणाआधी हात धुता का? परब म्हणाले, "हो, रोज." मी मान हलवली आणि कागदावर 'हो' लिहिलं.

"जाधव, मान का हलवलीत?" बाईंनी खुर्चीतूनच विचारलं.

"ते बोलत होते म्हणून."

"तुमच्या मानेवरून त्यांना कळलं की उत्तर बरोबर आलं. आता यापुढे ते तुम्हाला आवडेल तेच सांगत राहणार. बसा. नापास."

मग तोच प्रश्न त्यांनी सगळ्या वर्गाला विचारला. सगळ्यांनी 'हो' सांगितलं. अकरा वाजता शिपाई गरम बटाटेवड्यांची परात घेऊन आला. सरकारी वर्गात वडे मिळतात हे कोणाच्या ऐकिवात नव्हतं, त्यामुळे परातीभोवती चांगली झुंबड उडाली. नळ बाहेर पॅसेजमध्ये होता. बाई दारात पाठीमागे हात बांधून उभ्या होत्या. वडे संपल्यावर त्यांनी फळ्यावर दोन आकडे लिहिले. 'हो' किती जण म्हणाले तो पहिला. नळावर किती जण गेले तो दुसरा. दुसरा आकडा होता एक. तो एक म्हणजे परब, आणि ते गेले होते बोटांना शाई लागली होती म्हणून.

"कोणी खोटं बोललेलं नाही," बाई म्हणाल्या. "आपण कसं असावं असं वाटतं, ते प्रत्येकाने सांगितलं. आता सहा आठवडे आपल्याला दुसरा आकडा कसा काढायचा ते शिकायचंय."

साल सत्तावन्न. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याला वर्षही झालं नव्हतं. मुंबई द्विभाषिक राज्यात होती आणि परळ-लालबागच्या भिंतींवर 'झालाच पाहिजे' लिहायला जागा उरली नव्हती. त्या दिवसांत परळच्या एका दवाखान्यावरच्या माडीवर आमचा वर्ग भरायचा. त्याचं नाव 'आरोग्य व समाजसेवा क्षेत्रांतील पाहणीपद्धतींचा अल्पमुदतीचा प्रशिक्षणवर्ग'. नाव पाठ होईपर्यंत पहिला आठवडा संपला. प्रत्येक ऑफिसने आपल्याला ज्याच्यावाचून अडणार नाही असा माणूस या वर्गाला पाठवला होता. मी सूतिकागृहात नर्स होते, पण मेट्रनशी वाद घातला होता. परब वॉर्ड ऑफिसात कारकून होते, पण ऑफिसच्या टेबलावर मोर्च्याचे फलक रंगवताना सापडले होते. आपणहून आलेला माणूस एकच, एका गिरणीचे लेबर ऑफिसर प्रधानसाहेब. ते रोज इस्त्रीची पँट घालून पहिल्या बाकावर बसत आणि सगळं लिहून घेत.

बाई गिरगावातून ट्रामने येत. पन्नाशीच्या असतील. पांढरं, बारीक काठाचं पातळ, पायात कॅनव्हासचे बूट, मनगटावर पुरुषी घड्याळ. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात पेन्सिली आणि दाढीच्या ब्लेडचं एक पातं. बोलताना त्या पात्याने पेन्सिलीला टोक काढत राहायच्या. समोरच्या माणसाने थापा मारायला सुरुवात केली की टोक काढायचा वेग वाढायचा. रबर वापरायला मात्र सक्त बंदी. "चुकलं तर एक रेघ मारा आणि शेजारी बरोबर लिहा. तुम्ही कुठे चुकलात तेही पाहणीतच येतं."

आम्हा सगळ्यांना त्या 'अहो' म्हणत आणि अपमानही 'अहो' म्हणूनच करत. त्यांच्या घरी कोण असतं, लग्न झालं होतं की नाही, विधवा आहेत की सोडून आलेल्या, कोणालाच ठाऊक नव्हतं. परबांनी एकदा धीर करून विचारलं.

"या उत्तराचं काय करणार?" बाईंनी विचारलं.

परब वहीची पानं चाळायला लागले.

"काय करायचं ते माहीत नसेल तर प्रश्न विचारायचा नाही. लिहून घ्या."

आम्ही लिहून घेतलं. परबांनीही घेतलं.

बाईंचा लाडका शब्द 'पुढे?' माणूस बोलायचा थांबला की त्या 'पुढे?' म्हणत आणि गप्प बसत. नुसतं गप्प बसणं जमत नाही म्हणून त्यांनी आम्हाला एक युक्ती दिली होती. डाव्या हाताने स्वतःची उजवी नाडी धरायची आणि दहा ठोके मोजायचे. दहा ठोक्यांच्या आत आपण बोललो तर आपलं म्हणणं त्याच्या तोंडी घालतो. दहा ठोके थांबलो तर त्याचं त्याला सुचतं. वर्गात आम्ही समोरासमोर बसून, मनगटं धरून, एकमेकांकडे टक लावून पाहत असू. खालचा कंपाउंडर काही कामाला वर आला की आम्हाला सगळ्यांना एकदम ताप आलाय असं समजून परत जायचा.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही चाळींत जायला लागलो. हातात वरच्या ऑफिसने छापून पाठवलेला फॉर्म. तो कोणी लिहिला होता देव जाणे. त्यातला एक प्रश्न होता, 'आपल्या कुटुंबात दीर्घकालीन कासग्रस्त व्यक्ती आहे काय?' डिलाईल रोडच्या एका चाळीत मी तो जसाच्या तसा वाचला. दारात बसलेल्या मालवणच्या म्हातारीने कानावर हात ठेवून तो पुन्हा वाचायला लावला आणि मग नाक मुरडून म्हणाली, "कासव? शी! आमच्यात कोण कासव खाणा नाय."

मी जोडीदाराकडे पाहिलं. जोडीदार परबच होते आणि त्यांनी हसू दाबायला फॉर्म तोंडापुढे धरला होता. मी 'नाही' लिहिलं. संध्याकाळी बाईंनी विचारलं, "हे 'नाही' कशाला? खोकल्याला की कासवाला?"

त्यांनी वर पत्र लिहिलं, की प्रश्न 'घरात कोणाला खोकला आहे का' असा करावा. वरून उत्तर आलं, की मंजूर नमुन्यात बदल करता येणार नाही. मग बाईंनी मार्ग काढला. दारात उभं राहून मंजूर प्रश्न एका दमात, मंत्रासारखा म्हणून टाकायचा, आणि मग खोकल्याचं विचारायचं. लोकांना वाटे, सरकारी कामाआधी काहीतरी म्हणायची रीत असेल. एक आजोबा तर हात जोडून उभे राहिले.

दुसरी अडचण अशी, की आम्ही कशासाठी विचारतोय ते लोकांनी आपापल्या परीने ठरवून टाकलं होतं. सरकार मुंबईतल्या मराठी माणसांची मोजणी करतंय आणि आकडा कमी भरला तर मुंबई जाणार! त्यामुळे एकेका खोलीत माणसं वाढायला लागली. "लिवा, बारा लिवा," सहा जणांच्या घरातली बाई सांगायची. परब हे आकडे अभिमानाने टिपून घ्यायचे. बाईंनी त्यांना परत पाठवलं आणि विचारायला लावलं, "रात्री जेवायला ताटं किती लागतात?" ताटांचा दिल्लीशी काही संबंध नाही हे सगळ्यांना पटलं आणि माणसं परत सहावर आली.

बाईंबद्दल माझ्या मनात मात्र त्या दिवसांत एक अढी होती. कोणाच्या घरी त्या चहाला हात लावत नसत. आमची वस्ती भोईवाड्यातली. पाहणीत आमची चाळ आली तेव्हा मला स्वतःच्या घरी प्रश्न विचारायला मनाई होती, म्हणून बाई स्वतः आल्या. आईने कप विसळून, पुसून चहा पुढे केला. बाई म्हणाल्या, "नंतर." आईने माझ्याकडे पाहिलं आणि मी जमिनीकडे. हा 'नंतर' आमच्या घराने पिढ्यान्‌पिढ्या ऐकला होता.

प्रश्न झाले. धर्म-जातीचा रकाना आला. आई ताठ बसून म्हणाली, "बौद्ध."

आम्हाला वरून सूचना होती, की असं उत्तर आल्यास 'पूर्वीची जात' विचारून ती लिहावी. बाईंनी 'बौद्ध' लिहिलं आणि पुढच्या प्रश्नावर गेल्या. शेवटचा प्रश्न झाल्यावर त्यांनी फॉर्म पिशवीत घातला, गार झालेला चहा दोन घोटांत संपवला आणि म्हणाल्या, "अजून आहे का? मात्र गरम."

पुढेही मी बाईंवर लक्ष ठेवलं. गिरगावात एका वकिलांच्या घरी चांदीच्या कपातला चहाही त्यांनी तसाच 'नंतर' म्हणून गार केला. चहा घेतला की माणूस यजमानाला न दुखावणारे प्रश्न विचारतो, असं त्यांचं म्हणणं. हे त्यांनी मला आधी सांगितलं असतं तर माझे आठ दिवस वाचले असते. पण कोणाला काय वाटेल याचा विचार करणं हा बाईंचा प्रांतच नव्हता.

तपासणीसाठी मोजके फॉर्म वर मागवले जात; त्यांतला आईचा फॉर्म लाल पेन्सिलीची खूण होऊन परत आला. 'पूर्वीची जात नमूद करावी.' बाई पुन्हा भोईवाड्यात गेल्या, पुन्हा तोच छापील प्रश्न विचारला, पुन्हा 'बौद्ध' लिहिलं. फॉर्म पुन्हा परत आला. तिसऱ्यांदा बाई दिसल्यावर आईने प्रश्नाची वाट न पाहता गॅलरीतूनच ओरडून सांगितलं, "अजून बौद्धच!" बाईंनी समासात लिहिलं, 'उत्तर देणारीस तीनदा विचारले. उत्तरात बदल नाही.' त्यानंतर फॉर्म परत आला नाही. अहवालात आम्ही 'इतर' या सदरात गेलो, हे पुढे कळलं.

चौथ्या आठवड्यात मोठी सभा होती, आधी मोर्चा. त्याच दिवशी मला आणि परबांना डिलाईल रोडच्या एका चाळीचा एक मजला पुरा करायचा होता. परब सकाळी म्हणाले, "तुम्ही जा घरी, ट्रामबिम बंद पडतील. मी करतो एकटा." दुसऱ्या दिवशी त्यांनी भरलेले फॉर्म आणले, दोन प्रतींत. तपासणारी म्हणून मी न वाचताच सही केली. एक प्रत तपासणीसाठी शिपाई लगेच वरच्या ऑफिसात घेऊन गेला, दुसरी बाईंकडे गेली.

बाई वाचत होत्या आणि पेन्सिलीला टोक काढत होत्या. टोक निघालं, मोडलं, पुन्हा निघालं.

"परब, या मजल्यावर एकाही खोलीला कुलूप नाही?"

"नाही बाई."

"एकही बाई तुमच्यावर ओरडली नाही. कोणालाही 'माहीत नाही' म्हणावं लागलं नाही. सगळ्यांना मुलांचं वय पाठ. ही चाळ मला दाखवा. मला तिथे खोली घ्यायचीय."

वर्ग हसला. परबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग ते एकदम उसळले. "हो, नाही गेलो! मोर्च्याला गेलो होतो. अहो, आमची माणसं गोळ्या खाऊन मेली. सगळा महाराष्ट्र पेटलाय, आणि तुम्ही काय विचारत बसलाय, तर खोकला!"

बाईंनी पातं खाली ठेवलं.

"ज्याला खोकला आहे, तो महाराष्ट्रात राहत नाही का?" त्यांनी विचारलं. "तुमचं राज्य आलं तर यायलाच हवं. पण ते कोणासाठी आलं हे बघायला कोणीतरी दारोदार जायला लागेलच ना? तेव्हाही तुम्ही टेबलावर बसूनच लिहिणार?"

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि जाधव, तुमची सही सुंदर आहे."

त्या दुपारी बाई आम्हा दोघांना घेऊन त्या मजल्यावर गेल्या. प्रत्येक दारात परबांनी काय बोलायचं ते ठरलं होतं. "मी तुम्हाला न विचारता तुमची उत्तरं लिहिली. आता विचारायला आलोय." पहिल्याच दारातल्या बाईने विचारलं, "काय लिवलात?" परबांनी वाचून दाखवलं. ती ऐकून म्हणाली, "चांगलां हा की. मी एवढा चांगला सांगूक नसता. ऱ्हवांदे तसाच." तिला समजावून पुन्हा पहिल्यापासून विचारावं लागलं.

पाचवी खोली तात्या गावड्यांची. त्यांच्या फॉर्मवर परबांनी लिहिलं होतं, 'प्रकृती उत्तम.' आणि ते म्हणे खोटंही नव्हतं. "तात्यांना मी ओळखतो, बाई. साचाखात्यात आहेत. मोर्च्यात सगळ्यांत पुढे असतात. काल माझ्याबरोबरच होते. त्यांच्या घोषणेने खिडक्या हलतात."

तात्या कामावर गेले होते. गावडेवहिनी तांदूळ निवडत होत्या. प्रश्न ऐकून हात न थांबवता म्हणाल्या, "खोकलो? कोणाक नाय."

बाईंनी आपली नाडी धरली. मीही धरली. परबांनीही, सवयीने. वहिनींनी एक खडा उचलून बाजूला टाकला. मग दुसरा. मग सूप खाली ठेवलं आणि पदर तोंडात कोंबला.

"पुढे?" बाई हळूच म्हणाल्या. तो शब्द त्यांना इतका हळू म्हणता येतो हे मला माहीत नव्हतं.

वहिनी उठल्या आणि मोरीच्या मागून एक झाकणाचा डबा काढून आणला. "मोर्च्यासून इलो की ह्या असा पडता," त्या म्हणाल्या. "आणि म्हणता, घसो बसलो. खात्यात कळलां तर काढून टाकतले. मगे आमी काय खावचां? कोणाक सांगू नकात, बाई. तुमचे पाय धरतंय."

परबांनी डब्यातली लाल थुंकी पाहिली आणि तोंड फिरवलं.

साचाखात्यात मागावरच्या धोट्याच्या भोकातून दोरा तोंडाने ओढावा लागे. एकाने ओढलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडात जाई. माझे वडील तात्यांच्याच गिरणीत तीस वर्षं होते, पण त्यांना साचाखात्यात कधी घेतलं नाही, कारण आमच्या तोंडाचा धोटा कोणाला चालला नसता. विटाळ बाहेर राहिला आणि क्षय आत फिरत राहिला. हे मी त्या खोलीत उभी राहून पहिल्यांदा नीट समजले, आणि मला काय वाटलं ते आजही सांगता येणार नाही. समाधान वाटलं नाही, एवढं खरं.

"तुमचं नाव माझ्या पिशवीबाहेर जाणार नाही," बाईंनी वहिनींना सांगितलं.

तात्यांची समजूत काढायला आम्ही रविवारी पुन्हा गेलो. उंच, रुंद खांद्यांचा माणूस, बोलताना छातीवर हात धरायचा. इंजेक्शनं, विश्रांती, हे ऐकताच उखडले. "मुंबई गावल्याशिवाय मी खाटेर पडूचंय नाय!"

"बरोबर," बाई म्हणाल्या. "मुंबई मिळाली त्या दिवशी काय करणार?"

"घोषणा देतलंय! असली, की गिरगावात ऐकाक येतली."

"पुढे?"

तात्या बोलायला गेले आणि खोकला सुरू झाला. तो बराच वेळ चालला. संपल्यावर त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंचा हात नाडीवर होता. मग तात्यांनी सदऱ्याची बाही वर केली आणि माझ्यापुढे हात धरला, जणू इंजेक्शन मी पिशवीतच घेऊन आले होते.

सोमवारी वर्गात डिलाईल रोडच्या कागदांवर चर्चा निघाली. तात्यांची गिरणी म्हणजे प्रधानसाहेबांचीच. त्यांनी हात वर केला. "खोकल्याचे किती जण आमच्या साचाखात्यातले आहेत? नावं मिळाली तर गिरणी त्यांची काळजी घेईल."

"काळजी म्हणजे काय करेल?" बाईंनी विचारलं.

"रजा देईल. तपासणी करेल."

"पुढे?"

प्रधानसाहेबांनी टाय सैल केला. मला वाटतं त्या दिवशी वर्गात कोणीच नाडी मोजली नाही, तरी सगळे थांबले. शेवटी ते कागदाकडे पाहत म्हणाले, "काढून टाकेल. आणि ते पत्र मलाच लिहावं लागेल."

"खरं सांगितलंत," बाई म्हणाल्या. "आभारी आहे. नावं मिळणार नाहीत."

तीन दिवसांनी वरच्या ऑफिसचं पत्र आलं. सर्व मूळ फॉर्म नावांसकट दुपारी चार वाजता शिपायाकडे द्यावेत. हे प्रधानसाहेबांनी घडवलं की त्यांच्याकडून घडवून घेतलं, मला कळलं नाही. ते त्या दिवशी वर्गाला आले नव्हते.

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. पिशवीतून पातं काढलं आणि शिपायाला खालच्या दुकानातून आणखी पाती आणायला पाठवलं.

"आता आपण जे करणार आहोत ते चूक आहे," त्या उभ्या राहून म्हणाल्या. "नाव काढलेल्या कागदाची पुन्हा जाऊन खात्री करता येत नाही. चार आठवड्यांचं काम यातून अर्धं मरतं. मी तुम्हाला साधं रबर वापरू दिलं नाही, हे लक्षात आहे माझ्या. ज्यांना हे करायचं नसेल त्यांनी आत्ताच घरी जावं, मी नोंद करणार नाही."

कोणी गेलं नाही. प्रत्येक फॉर्मच्या माथ्यावर नाव आणि खोली नंबर होता. आम्ही ती पट्टी कापत गेलो. परब माझ्यासमोर बसले होते. ज्या माणसाने सबंध मजला मनाने रचला होता, तो आता खरी नावं एकेक वाचून, मग कापत होता. तात्यांची पट्टी परबांच्याच हाती आली. ती त्यांनी वेगळी काढून स्वतः खाली नेली. सुया उकळायच्या स्टोव्हवर आम्ही त्या पट्ट्या जाळल्या. काजळी धरते म्हणून कंपाउंडर कुरकुरत होता. चार वाजता शिपायाने गठ्ठा उचलला आणि म्हणाला, "बाई, कागद आखूड झाले काय?"

"हो," बाई म्हणाल्या, "तेवढेच आहेत."

पाचव्या आठवड्यात वर्ग बंद झाला. आम्हाला सर्टिफिकेट मिळालं नाही. माझी रवानगी पुन्हा मेट्रनच्या हाताखाली झाली. बाईंकडून खुलासा मागवला गेला, तो त्यांनी एका वाक्यात दिला, 'नावे मी कापली.' विद्यार्थ्यांचा त्यात उल्लेख नव्हता. त्यांची बदली शीवला औषधांच्या एका भांडारात झाली. तिथे रिकाम्या बाटल्या परत यायच्या, त्या मोजून घ्यायच्या.

अहवाल दोन वर्षांनी निघाला. कोणा मोठ्या माणसाने समारंभात त्याच्या बांधणीची स्तुती केली. सूतिकागृहाच्या कपाटात एक प्रत आली म्हणून मी तो वाचला. नावं नसलेले आमचे सगळे फॉर्म 'पडताळणी अशक्य, सबब अविश्वसनीय' म्हणून वगळले होते. वरच राहिलेला आईचा एक सोडला, तर ठेवले होते फक्त परबांचे. मोर्च्याच्या दिवशी भरलेली त्यांची पहिली प्रत आधीच वर पोचली होती. नावं होती, सगळे रकाने भरलेले होते, खाडाखोड नव्हती. त्यामुळे त्या जाडजूड पुस्तकात डिलाईल रोडवर अशी एक चाळ आहे, जिथे कोणी खोकत नाही. परबांना मी ते पान दाखवलं तेव्हा त्यांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "बाईंना दाखवू नका हां."

तात्या गावाला गेलेत असं गिरणीत सांगितलं गेलं. चाळीने ते इतक्या एकदिलाने सांगितलं, की पाहणीवाला आला असता तर त्यालाही खरं वाटलं असतं. मी रोज सकाळी ड्युटीआधी सुई द्यायला जायची, परब गोळ्या आणून द्यायचे. सुई घेऊन पहिल्यांदा गेले तेव्हा वहिनींनी मला दारातच थांबवून नाव विचारलं होतं, आडनावासकट. नंतर कधीतरी, कोणी काही न बोलता, मी चुलीशेजारी बसून चहा घ्यायला लागले. मधून कामावर, मधून घरी, असं करत तात्यांची तीन वर्षं गेली. महाराष्ट्र झाला त्या दिवशी सगळी चाळ रस्त्यावर होती. तात्या गॅलरीत खुर्चीवर बसले होते. घोषणा दिली, पण आवाज शेजारच्या खोलीपर्यंतही गेला नाही. वहिनींनी मात्र ऐकली आणि 'गप ऱ्हवा आता' म्हणून दटावलं.

त्याच महिन्यात त्यांच्या छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, जुने डाग आहेत, रोग नाही. मी तो फोटो घेऊन दुपारची शीवला गेले.

भांडार म्हणजे लांबलचक पत्र्याची शेड. जमिनीपासून खांद्यापर्यंत रिकाम्या बाटल्या, तपकिरी, हिरव्या, पांढऱ्या. बाई एका रांगेपुढे उभ्या राहून मोठ्याने मोजत होत्या आणि एक म्हातारा शिपाई स्टुलावर बसून पाटीवर खुणा करत होता. केस पुष्कळ पांढरे झाले होते. मला पाहून त्यांनी हाताने थांबायची खूण केली आणि मोजत राहिल्या. मी शंभरभर बाटल्या थांबले. शेवटी राहवलं नाही.

"बाई, तात्या गावड्यांचा फोटो साफ आलाय."

त्या पुढच्या बाटलीवर बोट ठेवून थांबल्या. फोटो बघायला मागितला नाही. कसे आहेत, काय करतात, काही विचारलं नाही.

"कळलं," म्हणाल्या.

मग बोट पुढच्या बाटलीवर नेलं आणि आकडा म्हणायला तोंड उघडलं. तो आला नाही.

"चारशे बारा झाले होते, बाई," शिपाई म्हणाला.

"नक्की?"

"पाटीवर हाय ना."

"नको," बाई म्हणाल्या. "पुन्हा पहिल्यापासून घेऊ."

शिपायाने सुस्कारा टाकून पाटी पुसली. मी निघाले. शेडच्या दारातून मागे वळून पाहिलं तेव्हा त्या रांगेच्या सुरुवातीला जाऊन उभ्या होत्या. हात पहिल्या बाटलीवर होता. शिपाई खडू उचलून वाट पाहत होता, आणि त्या अजून 'एक' म्हणाल्या नव्हत्या.